कुंकवावर पडलेला रंगाचा चुरा

नव्या जालन्यातली ती दुपार इतक्या वर्षांनीही माझी पाठ सोडत नाही. मी तेव्हा फौजदार होतो. एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात विजेचा धक्का बसून कारागीर गेल्याचा निरोप ठाण्यात आला.

तिथे संगणकांना जोडणारी यंत्रं ठेवायचं लोखंडी रॅक त्याच दिवशी बसवलं होतं. रॅकला हार, पत्र्यावर ओलं कुंकू, खाली फोडलेला नारळ. पूजा झाली, वीज सुरू झाली, पाहुणे जेवायला गेले. तो कारागीर रॅक भिंतीकडे सरकवत असताना वायर खाली चेपली आणि वीज पत्र्यात उतरली. अर्थिंगची तार मात्र बोल्टने रॅकला जोडलेली होती, बोल्टखालचा रंगही खरडलेला, म्हणजे तार थेट पत्र्याला टेकलेली.

"अर्थिंग सकाळीच बराबर केलं होतं. वीज चालू ठेवून रॅक सरकवलं, निष्काळजीपणा त्याचाच," असा जबाब सोबतच्या कारागिराने दिला. तो मयताच्या बायकोचा सख्खा भाऊ. मयताला हे काम त्यानेच शिकवलं होतं. मी पंचनामा केला आणि अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन खोलीला सील ठोकलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसचा शिपाई ठाण्याजवळच्या टपरीवर माझ्याशी हळूच बोलला.

"साहेब, सकाळी रंग खरडायचा आवाज आलाच न्हाई. मयत जीपमधी घालून दवाखान्यात नेल्यावर आल्ता, तुमी यायच्या आधी."

मी जाऊन सील काढलं. कुंकू वाळलं होतं आणि त्यावर राखाडी रंगाचा चुरा पडला होता. म्हणजे पूजा आधी, खरडणं नंतर. पंचनाम्यात मी 'कुंकू' लिहून पुढे गेलो होतो. स्वतःचाच संताप आला.

त्या भावाला बोलावलं. आरडाओरडा केला की माणूस आणखी घट्ट होतो, म्हणून चहा पुढे ठेवला.

"नवरा स्वतःच्या चुकीनं मेला, असं तुझ्या बहिणीला मी सांगू, का तू सांगतोस?"

त्याचा बांध फुटला.

"दाजी विचारून राह्यले होते, रंग खरडू का? रंगावर बोल्ट कसला तर अर्थिंग लागत न्हाई, हे मीच शिकवलं होतं. पण मी म्हणलो, नव्या मालाला पूजेआधी ओरखडा नको, साहेबलोक येऊन राह्यले. पूजा झाली की खरडू. मंग जेवणाच्या गडबडीत विसरलोच. दाजींना नेल्यावर घाबरून मीच खरडलं."

निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून त्याला अटक केली. बहीण ठाण्यात आली. ती भावाला शिव्या देईल किंवा त्याला सोडा म्हणून पाया पडेल, असं मला वाटलं. तिने एवढंच विचारलं, "त्यायनी विचारलं होतं ना, साहेब?"

"विचारलं होतं, ताई."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

माणूस कसा मेला, ते लिहायला मी नोकरीत शिकलो होतो. त्याची चूक नव्हती, हे घरच्यांना कळणं किती गरजेचं असतं, ते तिने शिकवलं. ठाण्यात पहिला संगणक आला तेव्हा मी समोर उभं राहून आधी अर्थिंग तपासून घेतलं, मगच नारळ फोडू दिला. पण तिच्या नवऱ्याला अग्नी दिला त्या दिवशी सगळं गाव त्याला निष्काळजी म्हणत होतं, आणि माझ्या कागदावरही तेच लिहिलेलं होतं.