गझानियाच्या बुडाशी हिरवी लोकर

आमच्या रायापूरच्या बागमंडळात फुलं उगवतात बेताचीच, किस्से मात्र बिनखताचे वाढतात. एक सांगून संपवावा, तर दुसऱ्याला कळी आलेलीच असते! गेल्या वर्षीच्या गझानियाचेच बघा ना.

*

मंडळाचे अध्यक्ष देसाई सर. बॉटनी शिकवून रिटायर झालेले. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात उच्चारलेलं नाही. कुठलंही रोप पुढं करा, चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "कंपोझिटी!" म्हणजे शेवंतीचं कुळ. झेंडू, झिनिया, सूर्यफूल सगळी त्याच घराण्यातली, त्यामुळे निम्म्या वेळा सरांचं बरोबरच यायचं.

एकदा बँकेतल्या कुलकर्णी अण्णांनी मुद्दाम कोथिंबिरीचं रोप नेऊन दाखवलं.

"कंपोझिटी!"

"सर, वास तरी घेऊन बघा की!"

सरांनी वास घेतला. "हां. कंपोझिटीच. कोथिंबिरीशेजारी वाढलेली दिसते!"

*

गझानिया लावायचं सरांनीच ठरवलं. तीही शेवंतीचीच नातेवाईक, पाण्यावाचून तगणारी. प्रत्येकाला रोपं वाटली. जानेवारीत ज्याचं फूल सरस, त्याला कप!

हा कप दरवर्षी सरांच्याच शोकेसमध्ये जातो. दुसऱ्या येतात त्या सुमतीअक्का, म्हणजे वकिलांच्या मिसेस. शाळेत गणित शिकवलेल्या, त्यामुळे दुसरा नंबर त्यांना फारच झोंबतो. "मरायच्या आत एकदा तो कप माझ्या टीव्हीशेजारी ठेवणार," असं त्या चारचौघांत सांगत.

*

आता आमच्या गल्लीची रीत अशी. "नीरु बंतु!" अशी कानडी आरोळी उठली, म्हणजे नळाला पाणी आलं, की आधी घरातली पिंपं, घागरी, बादल्या रिकाम्या करायच्या. कालपर्यंत थेंब थेंब जपलेलं पाणी नळ वाजला की एका क्षणात शिळं होतं! ते ओतायचं कुठं? झाडांना!

दुष्काळाला न भिणारी गझानिया आमच्या कॉलनीत बुडून मेली. सरांची तर सगळ्यांत आधी.

वकील हळहळले. "माळावर जगली असती बिचारी. तिथं नळ नसतोय!"

*

कुलकर्णी अण्णांची तेवढी वाचली. फुललीसुद्धा. त्यांनी मोठ्या थाटात सगळ्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं. जाऊन बघतो तर एकूण एक फूल मिटलेलं. ऊन गेलं की गझानिया मिटते, हे सांगायला सर विसरले होते.

"सकाळी उघडी होती हो!" अण्णा कळवळून म्हणाले.

"बँकेतल्या माणसाची फुलं," सुमतीअक्का म्हणाल्या. "टाइम संपला, काउंटर बंद!"

*

अक्कांचं एक रोप शिळ्या पाण्यातूनही वाचलं होतं. वकिलांनी ते तण समजून उपटू नये म्हणून त्यांनी बुडाशी हिरवी लोकर बांधून ठेवली होती, नातवाच्या स्वेटरची उरलेली. वकिलांपासून वाचलं, सरांपासून नाही! सर इन्स्पेक्शनला आले. अक्का आत चहा टाकत होत्या. तेवढ्यात सरांनी रोप उपटलं आणि कंपाउंडबाहेर खडीच्या ढिगावर भिरकावलं.

"वैनी, गवत पोसताय काय!"

सर गेल्यावर अक्कांनी ढिगात खूप शोधलं. सापडलं नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि सरांचा रागही आला. पण अध्यक्षांना बोलणार कोण!

*

जानेवारीत शाळेच्या मैदानावर, भर उन्हात, स्पर्धा. अण्णांची फुलं बरी होती. तेवढ्यात सर आले, हातात कुंडी. केशरी रंगाचं, तळहाताएवढं फूल! सगळे बघतच राहिले.

"सर, तुमची बुडाली होती ना?" अण्णांनी विचारलं.

"ही वेगळी. बेंगळूरहून मागवली. खडीत वाढवली. पारख लागते अण्णा, पारख!"

बाहेरगावच्या जज मॅडम वाकल्या. त्यांनी पानं बाजूला केली. "आणि बुडाशी हे हिरवं काय बांधलंय?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "ती नर्सरीची खूण. तिकडं बांधतात तशी."

सुमतीअक्का शांतपणे उठल्या.

"होय री मॅडम. त्या नर्सरीचा बाकीचा स्वेटर माझ्या नातवाच्या अंगात आहे. बोलावू का त्याला?"