दाटोबाचं तेल

“गाडी म्हातारी झाली की तिला दाटच तेल लागतं. पातळ घातलं की फटीफटीतून पळून जातं. मला शिकवू नकोस. माझ्या लग्नात तू नाक पुसत फिरत होतास.”

“तेव्हा माझं नाक गळत होतं दाजी, आता तुमची गाडी गळते,” मेव्हणा ट्रकच्या बॉनेटमध्ये वाकूनच म्हणाला. “आणि हे तेल आहे का डांबर? मापाच्या काडीवरून खाली उतरायला तयार नाही.”

ज्याला हे ऐकावं लागत होतं, त्या ड्रायव्हरला सगळे दाटोबा म्हणत. त्याला सगळंच दाट लागायचं. चहा असा, की बायको म्हणायची, “कपात चमचा उभा राहतो की नाही ते बघते आणि मगच देते.” पोरवयात तो याच ट्रकवर विटा चढवायला लागला. मग मूळ मालक थकला, त्यानं गाडी विकायला काढली, आणि दाटोबानं होतं नव्हतं ते घालून ती घेतली. गाडी तेव्हाच उतारवयाला लागलेली होती. आता तर दोघांचेही सांधे वाजत होते.

इंजीन वाजायला लागलं तसं दाटोबानं तेल दाट करत नेलं. शेवटी दुकानात मिळणारं सगळ्यात जाड, साधं पन्नास नंबरचं तेल आणलं. गाडी तापली की ते छान चालायचं. आवाज दबायचा, धूर कमी व्हायचा आणि तेलाच्या दाबाची सुई वरच्या टोकाला जाऊन टेकायची. ती सुई बघून दाटोबाच्या मिशा वर जायच्या. रोग गेला नव्हता, त्यावर गोधडी पडली होती एवढंच.

पण सकाळी गोधडीतून पाय बाहेर यायचे. गार पडलेली गाडी चालू केली की कुणी डब्यात खिळे घालून हलवावे तसा टकटकाट. गाडी रात्री वीटभट्टीच्या आवारातच असायची, कारण पहिला माल उजाडताच भरायचा असे. भट्टीच्या कुंपणाला लागून आता घरं झाली होती आणि तिथली माणसं कुरकुरायला लागली होती. भट्टीच्या मालकानं सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगून टाकलं, “ज्या गाडीचा खडखडाट मला ऑफिसात ऐकू येईल, ती सोमवारपासून आत येणार नाही.” बघत मात्र तो एकट्या दाटोबाकडेच होता. भट्टी गेली तर एवढी जुनी गाडी दुसरं कोण कामाला लावणार? मग भंगारवाल्याचा काटा होताच.

म्हणून दाटोबा मेव्हण्याच्या गॅरेजला आला होता. सल्ला नको होता त्याला, यापेक्षाही दाट काही मिळतं का ते विचारायचं होतं.

मेव्हण्यानं वाद घातला नाही. “गाडी आज इथंच ठेवा,” एवढंच म्हणाला.

सकाळी गार इंजिनाचं वरचं झाकण त्यानं खोललं आणि दाटोबाला स्टार्टर मारायला लावला. टकटकाट सुरू झाला. सुई झर्रकन वर गेली.

“बघ! दाब बघ!” दाटोबा केबिनमधून ओरडला.

“दाब बघतोय. तुम्ही उतरून तेल बघा.”

दाटोबा उतरून वाकला. झडपा दाबणारे रॉकर कोरडेच आपटत होते. बराच वेळ. मग कुठं कडेनं एक काळा ओघळ सावकाश वर आला, नको असलेल्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा.

“पंप जोर लावतोय म्हणून सुई वर,” मेव्हणा हात पुसत म्हणाला. “तेल पोचलं की नाही ते सुईला काय माहीत? रोज सकाळी इंजीन कोरडं मरतंय.”

मेव्हण्यानं कोपऱ्यातला डबा पुढं सरकवला.

“हे वीस-पन्नास. तापल्यावर तुमच्या पन्नासइतकंच दाट राहतं, तेवढं तुमचं बरोबरच आहे. पण गार असताना पातळ, लगेच वर चढतं. सकाळी सुई आधीसारखी उडणार नाही. घाबरू नका.”

“घाबरतो कोण?”

“तुम्ही. ताईला विचारा.”

इंजीन तापू दिलं, गरम असतानाच जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं भरलं. दाटोबानं गुपचूप जुन्या जाड तेलाचा उरलेला डबा सीटमागं सरकवला. मेव्हण्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

सोमवार उजाडला. आवारात गारठा होता. मालक ऑफिसच्या खिडकीत कप घेऊन उभा. दाटोबानं किल्ली फिरवली. टकटक झाली. सुई उठली, पण अर्ध्यावरच थांबली. दाटोबाचा हात आपसूक सीटमागं गेला. डब्याचं बूच त्यानं अंगठ्यानं सैल केलंसुद्धा.

तेवढ्यात आवाज विरला. घरघर उरली, म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाला असते तेवढी. सुई होती तिथंच होती.

खिडकीत मालकानं एक घोट घेतला, गाडीकडं बघितलं आणि खिडकी लावून घेतली. कुंपणापलीकडं कुणाचं दारही उघडलं नाही. उलट दाटोबानं माल भरायला मागचा फाळका पाडला तेव्हा त्याच्या बिजागऱ्या अशा किंचाळल्या, की पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं.

“आता हिला काय झालं?” विटा चढवणारा म्हणाला.

दाटोबा केबिनकडं गेला, सीटमागचा डबा काढला आणि ते डांबरासारखं तेल बिजागऱ्यांवर ओतलं. फाळका दोनदा वर-खाली केला. तेल तिथंच चिकटून बसलं, जराही पळालं नाही.

“चल, भर,” तो म्हणाला आणि विटांची पहिली थप्पी स्वतःच उचलली.