आजीला पडणारी सपनं

रोज पहाटे आजी आबांना आपलं सपन सांगायची. स्वप्न नव्हे, सपन. अमरावतीच्या त्या दोन खोल्यांत अजून उजाडलेलं नसायचं. गॅसवर पाणी तापायचं, वाफेने खिडकीची काच धुरकट व्हायची आणि मी गोधडीत अर्धवट जागी पडून ऐकायची. "आज तुमी सायकल चालवून राह्यले होते अन् मी मांगं बसली होती. चिखलदऱ्याचा घाट. खाली सारं धुकंच धुकं." ते धुकं आमच्याच खोलीत उतरलंय असं मला वाटायचं.

आबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. एक दिवस तिथेच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेल्यासारखीच झाली. माझे आई-वडील दर्यापूरकडे शेती करत. मी कॉलेजसाठी आजी-आबांकडे राहायची. पन्नाशी उलटलेली आजी नांदगाव पेठेतल्या कपड्यांच्या एका कारखान्यात लागली. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायचे, दिवसभर उभ्याने. सकाळी चौकात कंपनीची बस यायची. त्याआधी भाकरी, आबांचं अंग पुसणं, कूस बदलणं. आबा इतकी वर्षं अंथरुणावर होते, पण त्यांच्या पाठीला जखम म्हणून कधी झाली नाही.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. बायकोने आपलं सगळं करायचं याची त्यांना लाज वाटायची. भिंतीकडे तोंड करून ते दात घट्ट आवळून घेत. अन्नही नको. आजी रागावली, रडली, काही उपयोग झाला नाही. मग एका पहाटे त्यांचे पाय पुसता पुसता ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "आज सपनात तुमी दिसले बाप्पा. कापूस फुटलेल्या पऱ्हाटीच्या वावरातून चालत येऊन राह्यले होते."

तिने दुसरा पाय पुसायला घेतला. मग भिंतीकडून एक जडशीळ शब्द आला, "मंग?"

त्या दिवशी त्यांनी दुधात कुस्करलेली भाकर खाल्ली. पुढे तो एवढा एकच शब्द त्यांना नीट येत राहिला.

एकदा आजी चष्मा घरी विसरली. तो द्यायला मी कारखान्यावर गेले. जेवणाची सुट्टी होती. बायका भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. आजीच्या शेजारी काम करणारी कांताबाई मला म्हणाली, "तुह्या आबाले आज कुठी न्यायचं वं? काल तं आगगाडीत बसवलं आमी."

मला काही कळेना. आजी हसायला लागली. "मले कुठी सपन पडते? पडली का डोळा लागते, उठली का भाकर. धागे कापता कापता जुळवतो आमी साऱ्याजणी."

"अन् आबाले मालूम हाय?"

"असंन. त्यायनं इचारलं नाई, मी सांगतलं नाई."

नंतर एका पहाटे सपनात दोघं होडीतून पूर्णा ओलांडत होते. नेहमीच्या जागी आजी थांबली, पण "मंग?" आलं नाही. तिचा हात आबांच्या छातीवर तसाच राहिला. क्षणभर. मग ती पुन्हा बोलू लागली, त्याच आवाजात, होडी पैलतीराला लागेपर्यंत. सपनात तिने त्यांना हात धरून उतरवलं आणि मग आपल्या हाताने त्यांचे उघडे डोळे मिटवले. चौकात बसचा हॉर्न वाजत होता.

मला अकोल्यात नोकरी लागली तेव्हा मी तिला जठारपेठेत माझ्याकडे आणलं. "बसून काय करू वं, अंग दुखते," म्हणत ती जिना झाडायची, शेजारणीची ज्वारी निवडून द्यायची. सपनांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

त्याच्या थोड्याच दिवस आधीची एक सकाळ. उन्हं वर आली तरी आजी उठली नव्हती. असं कधीच झालं नव्हतं. मी घाबरून खोलीत गेले, तर ती अंथरुणात बसलेली. केस मोकळे, चेहरा एखाद्या पोरीसारखा.

"काल खरंच सपन पडलं वं," ती म्हणाली.

"आबा होते?"

ती नुसती हसली.

"काय पायलं, सांग नं आजी!"

तिने सावकाश केसांचा बुचडा बांधला. खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहत राहिली.

"नाई," ती म्हणाली. "हे माहं हाय."