तक्त्यात राहून गेलेला बर्फाचा रकाना

गेल्या महिन्यात नारकंड्याला सकाळी उठून खिडकीचा पडदा बाजूला केला... आणि बाहेर बर्फ नव्हता. सफरचंदाची निष्पर्ण झाडे होती, दोरीवर वाळत घातलेली रजई होती आणि स्वच्छ ऊन पडले होते.

भंडारा रोड स्टेशनवरून रेल्वेने अंबाला, तिथून बसने शिमला आणि पुढे नारकंडा, असा प्रवास करून आम्ही स्कीइंगसाठी आलो होतो. ठिकाण मी निवडले होते.

माझी पत्नी सुमन हिची एकच इच्छा होती : एकदा तरी बर्फावरून घसरून पाहायचे. टीव्हीवर स्कीइंग पाहून तिने ती पहिल्यांदा बोलून दाखवली, तेव्हा आम्ही जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. "निवृत्तीनंतर नक्की," असा शब्द मी दिला होता...

निवृत्तीला आठ वर्षे झाली. सुमन आता पासष्ट वर्षांची आहे. पुढच्या हिवाळ्यातही तिचे गुडघे साथ देतील, याची हमी डॉक्टरांनी दिलेली नाही.

मुलगा गुलमर्गचा आग्रह करीत होता; खर्चही तोच करणार होता. परंतु शब्द मी दिलेला होता, तेव्हा तो माझ्याच पेन्शनमधून पाळला जावा, असे मला वाटत होते. म्हणून कारखान्यात खरेदीपूर्वी करीत असू, तसा तुलनात्मक तक्ता मी तयार केला : गुलमर्ग, औली आणि फारसे कोणी न सुचवलेले नारकंडा.

प्रवास, निवास, साहित्याचे भाडे, प्रशिक्षकाचे शुल्क, दवाखान्याचे अंतर... एकूण अकरा रकाने. नारकंडा सर्वांत कमी दराचे ठरले. "एल-वन," असे मी निविदांच्या भाषेत समाधानाने जाहीर केले आणि आरक्षण करून टाकले.

त्या सकाळी खिडकीशी उभे राहून मी तो तक्ता पुन्हा वाचला. अकरा रकान्यांत बर्फाचा रकाना नव्हता. नोकरीभर मालाची तपासणी केलेल्या माणसाने मुख्य मालच तपासला नव्हता.

सुमनने चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "बाकी सगळं बराबर लिहलं तुमी," ती म्हणाली. "बरफच लिहाचा रायला."

माझ्या प्रमाण मराठीचा आमच्या घरात आजवर कोणावरही परिणाम झालेला नाही. त्या क्षणी तर मला बोलण्याचा अधिकारच उरला नव्हता... पिशवीतून काढलेले हातमोजे तिने पुन्हा पिशवीत ठेवले. ते मला अधिक लागले.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या; त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून सर्व कळले असावे. "ऊपर छाँव वाली तरफ अभी है," त्या म्हणाल्या. त्यांचे दीर हिवाळ्यात स्कीइंग शिकवतात आणि एरवी सफरचंदाची बाग पाहतात. त्यांनीच आम्हाला जीपने वर नेले; शेवटची वीस मिनिटे पायी चालावे लागले. सुमन दोनदा थांबली, परंतु परत फिरू या, असे म्हणाली नाही.

देवदारांच्या सावलीत बर्फाचा एक पट्टा शिल्लक होता. आपल्याकडच्या धानाच्या शेतातल्या, बांध घातलेल्या दोन बांध्या एकमेकींना जोडल्या, तर जेवढी जागा होईल, तेवढाच. उतार सौम्य होता आणि आमच्याखेरीज तिथे कोणीही नव्हते.

प्रथम मी उभा राहिलो. "घुटने मोड़िए, बाबूजी... आगे झुकिए," असे प्रशिक्षक सांगत होते. मी जन्मभर ताठ चाललेला माणूस! तीनदा पडलो. तिसऱ्या वेळी टोपी एका दिशेला गेली आणि चष्मा दुसऱ्या.

"वाका ना जरासे," सुमन मागून म्हणाली. "साहेब पाहाले आला का? इतके ताठ कायले उभे राहता?"

माझी ती अवस्था पाहून प्रशिक्षक तिला म्हणाले, "माताजी, आप बैठकर देखिए." तिने हातातली पिशवी माझ्या स्वाधीन केली. "बसाले तं मी घरीच बसली असती."

तिचे माहेर करडी गावचे. लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात ती धानाची रोपे लावायला, रोवणीला जात असे. पोटरीभर चिखलात दिवसभर वाकायचे, गुडघे सैल ठेवायचे, पायाखालचे न पाहता तोल राखायचा... हे मला ठाऊक होते. पण ते इथे उपयोगी पडेल, असे माझ्या मनातही आले नव्हते.

पायांत स्की अडकवताच ती तशीच वाकली. घसरली, एकदा डावीकडे डुलली, सावरली... आणि पट्टा जिथे सपाट होत होता, तिथे जाऊन अलगद थांबली. पडली नाही.

"पहले कहाँ सीखा, माताजी?" प्रशिक्षकांनी विचारले.

"धान के चिखल में, भाऊ. करडी में."

त्यांना त्यातले किती समजले, कोण जाणे. त्यांनी हात मात्र जोडले. सुमन हसत नव्हती. नवे काम जमू लागल्यावर माणूस होतो, तशी ती गंभीर झाली होती. धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "आता आनखी एक खेप होऊ द्या."

सात खेपा झाल्या. प्रशिक्षकांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही.

ज्यांना कमी खर्चात स्कीइंग करायचे आहे, त्यांच्यासाठी अनुभवाने एवढेच सांगतो : लहान, फारसे नाव नसलेले ठिकाण जरूर निवडावे. तिथे शिकवणाऱ्याजवळ वेळ असतो आणि पासष्टीच्या विद्यार्थिनीला मागून कोणी घाई करीत नाही. मात्र निघण्यापूर्वी मुक्कामाच्या घरी फोन करून बर्फ आहे का, हे विचारून घ्यावे... मी ते केले नव्हते.

परवा शेजारच्या बाईंनी फाटकातूनच सुमनला विचारले, "कसं होतं जी तिकडं?"

मी ओसरीत वर्तमानपत्र वाचत होतो. सुमन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "यायले उभं राहता नाही आलं. पन जागा चांगली काढली होती यायनं."

नोकरीत माझ्या गोपनीय अहवालांत पुष्कळ चांगले शेरे लिहिले गेले. या एका शेऱ्याबद्दल मात्र मी मनापासून कृतज्ञ आहे.