काकांची डुलकी

बसल्या जागी, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत झोपावं, तर ते माझ्या मावशीच्या यजमानांनीच. अख्ख्या जत तालुक्यात त्यांच्या तोडीचा माणूस नसेल. शेळ्यांसाठी पाला तोडताना काका लिंबावरून पडले, मानेचा मणका मोडला. पाय गेले, बोटांतली पकड गेली. गेली नाही ती गावाची भांडणं मिटवायची हौस. चाकाच्या खुर्चीत बसून ते बांधाचे तंटे ऐकायचे आणि ऐन निकालाच्या वेळी घोरू लागायचे. एकदा दोघं भाऊ विहिरीच्या पाण्यावरून हातघाईवर आलेले. ‘माझं म्हणणं आसं हाय...’ एवढं बोलून काका झोपले. वाट पाहून कंटाळलेल्या भावांनी पाण्याच्या पाळ्या आपसातच ठरवल्या. काकांचा लौकिक आणखी वाढला.

मावशीची रात्र मात्र जागण्यात जायची. घोरणं मध्येच थांबायचं, त्याबरोबर श्वासही. ती खांदा हलवायची, मग तो पुन्हा सुरू व्हायचा. काका म्हणत, हिलाच कायतरी भास होतात. शेवटी मी त्यांना सांगलीला नेलं. झोपेची तपासणी झाली. मानेला इजा झालेल्या पुष्कळांना हा त्रास होतो, रोज रात्री मास्क लावून यंत्राची हवा घ्यायची, असं डॉक्टरांनी सविस्तर समजावलं. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा काका घोरत होते.

घरी आल्यावर, मुसकं बैलाला घालतात, म्हणून त्यांनी यंत्र कोनाड्यात ठेवायला लावलं. खरं कारण मावशी आत गेल्यावर मला सांगितलं. ‘लाइट गेली आन् जीव गुदमारला, तर ह्या बोटांनी पट्टा निघंल का रं?’

मी पुन्हा डॉक्टरांना गाठलं. त्यांनी तोंड मोकळं राहील असा, फक्त नाकावर बसणारा मास्क दिला आणि पट्ट्याला अंगठा अडकेल एवढी कडी लावून दिली. काकांनी दिवसाउजेडी ती ओढून ओढून पाहिली, मगच रात्री मास्क लावू दिला.

आता ते दिवसभर टक्क जागे असतात आणि निकाल शेवटपर्यंत देतात. त्यामुळे गावात भांडणं वाढली आहेत.

परवा मुक्कामाला होतो. उजाडलं होतं, काका जागे, मास्क तसाच. काढू का, म्हणून मी खुणेनं विचारलं. त्यांनी शेजारी झोपलेल्या मावशीकडे पाहिलं आणि मान हलवली.

‘ऱ्हाऊ दे,’ ते हळूच म्हणाले. ‘यंत्राचा आवाज थांबला की ती दचकून उठती.’