ब्रदर अंगणात बसले आहेत

आमच्या गावाला अक्कल कमी आहे, आणि हे मी गावात राहून म्हणते, बाहेरून येऊन नाही. ब्रदर मार्कुस टोप्पोंची बदली झाली तेव्हा या शहाण्यांनी बसस्टॉपवरच्या वडाला फ्लेक्स बांधला. कोपऱ्यात ब्रदरांचा फोटो, त्याच्या चौपट गावचे शेठ भैय्याजी यांचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘आमचे लाडके ब्रदर यांची फादरपदी बढती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

बढती म्हणे. मी ब्रदरांच्याच शाळेत मराठी शिकवते, शकुन मॅडम म्हणतात मला, आणि इतकी वर्षं घसा फोडून सांगत आले की बाबांनो, फादर वेगळे आणि ब्रदर वेगळे. फादर म्हणजे धर्मगुरू, चर्चमध्ये प्रार्थना चालवणारे. ब्रदरांनी लग्न न करण्याचं, आपलं म्हणून काही न ठेवण्याचं आणि वरिष्ठ धाडतील तिकडे जाण्याचं व्रत घेतलेलं असतं. पण त्यांना धर्मगुरू व्हायचंच नसतं, पोरं शिकवायची असतात. तलाठ्याचा मंडळ अधिकारी होतो तसं ते नसतं. पण ऐकतो कोण? "सर, तुमचं प्रमोशन काहून अटकलं?" असं दरवर्षी कोणी ना कोणी त्यांना विचारायचंच. भैय्याजींनी तर एकदा आमदाराकडे शब्द टाकतो म्हणून सांगितलं होतं. ब्रदर हसून "राहू द्या जी" म्हणाले आणि वर्गावर निघून गेले.

हे ब्रदर झारखंडातल्या गुमल्याकडचे, उरांव आदिवासी. ऐन तारुण्यात त्यांच्या धर्मसंघानं त्यांना भंडाऱ्याला धाडलं, तिथून आमच्याकडे, चिखल्याच्या अलीकडे. मँगनीजच्या खाणीतल्या मजुरांची आणि धानवाल्या शेतकऱ्यांची पोरं आमच्या शाळेत. ब्रदरांना मराठीचा म येत नव्हता. ती ते पोरांकडूनच शिकले आणि जशी मिळाली तशी बोलू लागले. शिक्षणाधिकारी तपासणीला आले तर ब्रदर त्यांना म्हणाले, "सायेब, बसा जी, मंग सांगतो." माझा जीव अर्धा झाला. मी शुद्ध बोलणारी बाई, आणि हा माणूस गणित शिकवताना "आता हे इकडून तिकडं काहून गेलं, सांग बरं" असं विचारायचा. पांढरा झगा, पायात रबरी चपला. नाताळला स्वतः केक करून सगळ्या शिक्षकांना वाटायचे. तो फोडायला वरवंटा लागायचा. मला तेव्हा वाटायचं, संघानं आपल्याकडचा सगळ्यात बावळट माणूस वेचून आमच्या गळ्यात मारला आहे.

आणि त्यांचं ते बसणं. पोरगं तीन दिवस शाळेत आलं नाही की चौथ्या दिवशी संध्याकाळी ब्रदर त्याच्या घरी. रागावणं नाही, समजावणं नाही. अंगणात रुमाल अंथरायचा आणि बसायचं. एकच वाक्य, "पोरगं सकाळी येईन ना?" मग गप्प. चहा घ्या म्हटलं तर नको, पाणी घ्या म्हटलं तर नको. आता आमच्याकडे दारी आलेला माणूस पाण्याला शिवला नाही तर घरधन्याची काय अवस्था होते, ते आमच्याकडच्यालाच कळेल. शेजारच्या बाया दारात येतात. पोरं जमतात. "ह्याईच्या घरी ब्रदर बसले" ही बातमी गावभर होते. शेवटी बाप कावून म्हणायचा, "धाडतो जी, उठा आता." मग ब्रदर उठायचे.

धानाच्या रोवणीत, मोहफुलं वेचायच्या दिवसांत पोरं कामाला लागायची, तेव्हा रोज कुठल्या ना कुठल्या अंगणात ते असायचेच. एकदा मोनू नावाच्या पोराच्या दारुड्या बापानं त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. ब्रदरांनी रुमाल उचलला, पिळला, दोन हात पलीकडे कोरड्या जागी अंथरला आणि पुन्हा बसले. मोनू आज खाणीत इलेक्ट्रिशियन आहे. त्याचा बाप आता सगळ्यांना सांगतो की ब्रदर आपले खास दोस्त होते. लाज नावाची वस्तू आमच्याकडे बाजारात येतच नाही, लोक घेणार कुठून?

आता भैय्याजींबद्दल. धानाचे व्यापारी, शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष, गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतातच. त्यांचा मुलगा बंटी दहावीत दोनदा लटकला आणि मोटरसायकलवर गावभर धूळ उडवत फिरू लागला. धाकटी तृप्ती मात्र हुशार. गणितात ब्रदरांना उलट प्रश्न विचारणारी ती एकच. त्या वर्षी ती दहावीला आली, आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना एक दिवस शाळेत यायची बंद झाली.

मी भैय्याजींना दुकानात गाठलं. काय झालं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, भाऊ दहावीत अटकलेला, अन् बहीण पुढं निघून जाईन त लोक का म्हनतीन? बंटीले निघू द्या. मंग तृप्ती बसन."

"आणि बंटी कधी निघणार?"

"निघन कधी ना कधी."

मी शिव्या देत नाही, शिक्षिका आहे. पण त्या दिवशी घरी येऊन भांडी घासता घासता सगळ्या दिल्या. बंटीची वाट बघत बसली असती तर ती पोरगी चूल फुंकत म्हातारी झाली असती.

चौथ्या दिवशी ब्रदर भैय्याजींच्या अंगणात. गावातल्या सगळ्यात मोठ्या अंगणात, फरशीवर, रुमाल अंथरून. भैय्याजी घरातून बाहेर आले नाहीत. त्यांची बायको रुखमाबाई दारातून पाणी घेऊन आली, तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशीही ब्रदर बसले, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी भैय्याजींनी चौकात चारचौघांत प्रश्न टाकला, "बिनलग्नाचा मानूस जवान पोरीच्या अंगनात कायले येऊन राहिला रोज?"

बस. एवढंच. पुढचं काम गावानं केलं. ज्यांच्या चार चार पोरांना या माणसानं अंगणात बसून बसून शाळेत ओढलं, तेच पानठेल्यावर मान हलवू लागले. कोणी म्हणालं, धरम बदलवायला येते. या माणसानं इतक्या वर्षांत आमच्या गावातल्या कोंबडीचाही धर्म बदलला नाही, पण ते आठवायला डोकं लागतं. तक्रार नागपूरला, त्यांच्या संघाकडे गेली. आमचे मुख्याध्यापक योगेंद्र सर, ज्यांचा कणा मी आजवर पाहिलेला नाही, मला म्हणाले, "मॅडम, आपण मध्ये नाही पडायचं." नागपूरहून ब्रदरांचे वरिष्ठ गाडीनं आले, चहा प्याले, भैय्याजींशी हसून बोलले आणि बदली सांगून गेले. गुमल्याकडच्या त्यांच्या आश्रमात, जिथे म्हातारे ब्रदर ठेवतात.

ब्रदर एवढंच म्हणाले, "बरं."

मी भडकले. "बरं काय? खोटं आहे म्हणून सांगता येत नाही? तोंड आहे ना?"

"आज्ञा पाळीन असं व्रत घेतलं हाये, मॅडम. जा म्हटलं त जावाच लागते."

"आणि तृप्तीचं काय?"

"बस रविवारी संध्याकाळची हाये," ते म्हणाले. "तवापर्यंत आहोच ना मी."

मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. आज्ञा म्हणे. तिकडे पोरगी घरात कोंडलेली, आणि यांना आज्ञेची पडली होती.

आणि मग गावाला उमाळा आला. बदली झालीच आहे तर सत्कार करू, ठरलं. स्वागताध्यक्ष कोण? भैय्याजी. फ्लेक्स लागला, तो मी सांगितलाच. रविवारी दुपारी शाळेच्या मैदानावर मांडव, स्टेजवर हार घातलेली खुर्ची, शाल, नारळ. लाइट भैय्याजींच्या घरून ओढली होती, म्हणून एक कर्णा मांडवात आणि एक त्यांच्या गच्चीवर. सगळं गाव हजर, कारण नंतर जेवण होतं. फक्त खुर्चीवर ब्रदर नव्हते. योगेंद्र सर म्हणाले, प्रार्थना करत असतील, येतीलच. तोवर वेळ काढायला भैय्याजींनी माइक धरला.

आणि काय बोलले ते. मी इतकं सुंदर भाषण आयुष्यात ऐकलं नाही. "ब्रदर ज्याच्या अंगनात बसले, त्याच्या घरात उजेड पडला," म्हणाले. "मी तं म्हंतो, जो ब्रदरचं आयकत नाही अन् आपल्या लेकराले शाळेत धाडत नाही, तो बाप नाही, वैरी हाये वैरी." टाळ्या पडल्या. पानठेल्यावर मान हलवणारे सगळ्यात जोरात वाजवत होते. भैय्याजींचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बंटी मोटरसायकल घेऊन थेट मांडवात शिरला आणि स्टेजच्या कडेला उभा राहून म्हणाला, "बाबा, ब्रदर आपल्या घरी बसले हायेत." माइक भैय्याजींच्या हातात चालूच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

गाव उठलं. जेवण सोडून उठलं, म्हणजे बघा. मी सगळ्यांच्या पुढे.

अंगणात ब्रदर रुमालावर बसले होते. बाजूला पिशवी, प्रवासाची. वर गच्चीवरचा कर्णा, जो आत्ता आत्तापर्यंत त्यांच्या डोक्यावर गर्जत होता. दारात रुखमाबाई उभी. भैय्याजी धापा टाकत आले, शाल हातातच राहिलेली.

"ब्रदर, तुमी इथं कायले? सत्कार तं तिथं हाये."

ब्रदरांनी वर पाहिलं. "तृप्ती सकाळी येईन ना?"

भैय्याजी हसले. मग लोकांकडे बघितलं. लोक त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी रुखमाबाई बोलली. मी त्या बाईचा आवाज त्या दिवसापर्यंत चारचौघांत ऐकला नव्हता.

"येईन," ती म्हणाली. "तुमीच म्हटलं ना जी आत्ता. धाडत नाही तो बाप नाही, वैरी हाये. घरात बसून आयकलं मी. तृप्तीनंबी आयकलं. पुऱ्या गावानं आयकलं."

भैय्याजींची मान फिरत राहिली, या तोंडावरून त्या तोंडावर. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना आता मागे कसं फिरता येणार? शेवटी भैय्याजी म्हणाले, "अरे, मी कवा नाही म्हटलं? जाईन ना. जाईन." आणि अशा थाटात, जणू कल्पना त्यांचीच.

तृप्ती दारामागून बाहेर आली आणि आईच्या बाजूला उभी राहिली. रडत होती. मीही रडले, सांगून टाकते, आणि त्याचाही मला राग आला.

ब्रदर गुडघ्यावर हात टेकून उठले. रुमाल झटकला, घडी करून खिशात घातला. मग रुखमाबाईला म्हणाले, "बाई, आता पानी द्या."

ती पळत गेली. ते तांब्याभर पाणी उभ्यानं प्याले, त्यांनी तांब्या परत दिला, पिशवी उचलली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. त्यांच्या शालीचं काय करायचं ते कोणाला सुचेना. भैय्याजींनी मांडवात परत जाऊन ती योगेंद्र सरांना पांघरली. सरांनी वाकून नमस्कारही केला. मग सगळे जेवले.

तृप्ती दहावी झाली, चांगल्या मार्कांनी, आणि भंडाऱ्याला कॉलेजला गेली. बंटी पुन्हा लटकला. भैय्याजींनी वडाला नवा फ्लेक्स बांधला, ‘कन्येच्या उज्ज्वल यशाबद्दल’, त्यात कन्येचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. गावात आजही लोक सांगतात की ब्रदर तिकडे फादर झाले आणि आता मोठ्या बंगल्यात राहतात. मी समजावणं सोडून दिलं आहे.

निकाल लागल्यावर, शाळा उघडून आठवडा झाला तेव्हा मी त्यांना फोन केला होता. ते तिथे भाजीचा वाफा बघतात आणि फाटक उघडतात. तृप्ती पास झाल्याचं सांगितलं. म्हणाले, "बरं." एवढं ऐकून मी फोन ठेवणार होते, तर त्यांनी विचारलं, "शाळा सुरू झाली का मॅडम, कोन कोन येऊन नाही राहिलं तिकडं?"

मी एक नाव सांगितलं. खाणीच्या कॉलनीतली चंद्रभागाबाई आहे, तिची नात. ते काहीच बोलले नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता. मग मीच म्हटलं, "बघते."

तेव्हापासून हे माझ्या मागे लागलं आहे. शाळा सुटली की घरी जाऊन पाय पसरायचे सोडून मी लोकांच्या अंगणात जाते. रुमालावर माझं भागत नाही, सतरंजी नेते. ब्रदर गप्प बसायचे, माझ्याच्यानं ते होत नाही. मी बसते आणि त्या बापाला सात पिढ्या ऐकवते. पाणी मात्र मीही घेत नाही.