कोरा माल

आमच्या गाडीत बसायचं तर आधी दिघेकाकांकडे पाठ करून उभं राहावं लागे. ते चष्मा कपाळावर चढवत, पँटवर ओला रुमाल घासत आणि रुमालावर निळं उतरलं की निकाल देत, "जीन्स रंग सोडतेय, भिया. खाली चादर घ्या." माझ्या बँकेच्या मॅनेजरांनाही यातून सुटका मिळाली नाही. साहेब चादरीवर बसले खरे, पण रस्ताभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

काका आमचे स्नेहलतागंजातले शेजारी; इंदुरी थाटात सगळ्यांना 'भिया', म्हणजे भैया, म्हणायचे. तीस वर्षं कापडमिलच्या ब्लीचिंग खात्यात होते. मिल बंद पडली, आणि त्याच सुमारास शहरात नवनव्या गाड्या दिसायला लागल्या. मला नवी परवडणार नव्हती, म्हणून मी सियागंजातल्या एका व्यापाऱ्याची जुनी घेतली. त्यानं हौसेनं तिला क्रीम रंगाच्या चामड्याच्या सीटा बसवल्या होत्या. इंदूरच्या धुळीत हा रंग म्हणजे विकतचं दुखणं. काका सकाळपासून ओट्यावर नुसते बसून असायचे, ते बघवेना, म्हणून मीच त्यांच्या हातात चावी दिली आणि म्हणालो, "जरा पुसाल का?" चूक माझीच.

सीटा बघून त्यांचा चेहरा पडला. "अरे भिया, ये तो कोरा माल आहे. याची धुलाईच नाही झाली." मागावरून उतरलेलं, ब्लीच न केलेलं पिवळट कापड म्हणजे मिलच्या भाषेत कोरा माल. मी परोपरीनं सांगितलं, काका, हा रंगच असा असतो. "दुकानदार असंच सांगतात," ते म्हणाले.

बँकेच्या कामानं मी दोन दिवस उज्जैनला गेलो. परत येऊन बघतो तर मागच्या सीटवर थाळीएवढा भाग पांढराफेक आणि पापडासारखा कडक. दाबला तर तडकला. शेजारी ब्लीचिंग पावडरची बादली घेऊन काका उभे. "थोडा कडक झालाय," म्हणाले, "पण सफेदी बघ."

माझा तोल गेला. "काका, तुमची मिल बंद झाली. आता लोकांच्या वस्तूंची वाट लावत फिरू नका."

त्यांनी चावी बॉनेटवर ठेवली आणि ते घरी गेले. चावी काढून घ्या म्हणून आठवडाभर माझं डोकं खाणारी माझी बायको म्हणाली, "चावी घ्यायला सांगितली होती. असं बोलायला नव्हतं सांगितलं."

पुढचे आठ दिवस काका दिसले नाहीत. मला लाज वाटत होती. शेवटी माफी मागायला गेलो, तर काकूंनी सांगितलं, "सकाळी उठून जातात आणि एका जोडे बनवणाऱ्याच्या दुकानात बसतात. या वयात चमडा शिकतायत."

दुसऱ्या दिवशी तेच दारात हजर. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "गलती माझी होती, भिया. कापड पाणी मागतं, चमडा तेल मागतो. आता समजलं. चावी दे." मी दिली. माफी मागायची राहूनच गेली.

मग खरा छळ सुरू झाला. सौम्य साबणाचा नुसता फेस, घट्ट पिळलेलं मलमल, शिवणीतून मऊ ब्रश, लगेच कोरड्या कापडानं टिपणं आणि पंधरवड्यातून एकदा क्रीमचा पातळ हात. उन्हानं चामडं वाळतं म्हणून गाडी दोन गल्ल्या पलीकडे, सावलीत. मी रोज तिथवर पायपीट करायचो. गाडीत कचोरी बंद. एका लग्नाला निघताना बायकोच्या हातावर ओली मेंदी होती, तर काकांनी तिला चक्क रिक्षानं पाठवलं. "गाडी तुमची की त्यांची?" ती कडाडायची. मी गाडी आणायला निघायचो. सीटा मात्र, तो तडकलेला भाग सोडला तर, लोण्यासारख्या मऊ राहिल्या.

सात वर्षांनी काका गेले. तेराव्याला मिलमधले त्यांचे एक सोबती भेटले. माझं नाव ऐकून म्हणाले, "आप ही के यहाँ दिघेजी इंचार्ज थे ना? बताते थे, मिल छूटी तो क्या, फौरन दूसरी सर्विस लग गई."

बायकोनंच उत्तर दिलं.

"जी हाँ," ती म्हणाली. "उनसे पूछे बिना हम भी गाड़ी में नहीं बैठते थे."